बॉल पायथनची कात दर हिवाळ्यात अडकते, मग घरघर सुरू होते: बिघाड कुठे शोधावा

सलग तीन हिवाळे आमच्या घरी एकच क्रम चालला. नोव्हेंबर संपत आला की चिकूची कात तुकड्यातुकड्यांनी निघायची. शेपटीच्या टोकाला दोन-तीन कडी अडकलेली, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच. जानेवारीत श्वासाला घरघर लागायची. मग डॉक्टर, इंजेक्शनं, मार्चपर्यंत बरी, उन्हाळाभर ठणठणीत, आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पहिल्यापासून. चिकू म्हणजे आमची बॉल पायथन (अजगराच्या कुळातला एक छोटा, बिनविषारी साप), मादी, वय ६ वर्षं, वजन १४०० ग्रॅमच्या आसपास. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात राहतो, जिथे जानेवारीत उणे १५ सेल्सियस ही रोजची गोष्ट आहे.

तिन्ही वेळा मी सापावर उपचार केले. बिघाड मात्र टँकच्या, म्हणजे तिच्या काचेच्या पेटीच्या, हवेत होता, आणि ती हवा मोजणारं यंत्र मला चुकीचा आकडा दाखवत होतं. हे कळल्यानंतरच्या हिवाळ्यात तिची कात पहिल्यांदा नाकापासून शेपटीपर्यंत अखंड निघाली. परदेशात बॉल पायथन पाळणाऱ्या कुणाला हाच त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी हे बघा: थांबायला वेळ आहे का?

साप तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकपुड्यांशी बुडबुडे येत असतील, तोंडात चिकट लाळेच्या तारा दिसत असतील किंवा तो डोकं सतत वर धरून बसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, शक्यतो त्याच दिवशी. सापाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. त्यामुळे त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. फुफ्फुसात साचलेलं तिथेच राहतं आणि घट्ट होत जातं. साप शेवटपर्यंत आजार दाखवत नाही. तोंड उघडून श्वास घेण्याची वेळ येते तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

नुसती बारीक शिटी ऐकू येत असेल तर थोडा फरक करता येतो. कात टाकण्याआधीच्या दिवसांत नाकपुडीच्या कडेला जुनी कातडी सुटते आणि श्वासाबरोबर शिटी वाजते. कात निघाली की ती थांबते. कात निघूनही आवाज राहिला, किंवा ओलसर ‘टक-टक’ असा आवाज येऊ लागला, तर तो संसर्ग समजा. पहिल्या वर्षी मी हा फरक ओळखला नाही आणि ‘कातीमुळे असेल’ म्हणत ९ दिवस घालवले. ते ९ दिवस मला अजून टोचतात.

भारतात असलेल्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकते. आपल्याकडचा अजगर, धामण, नाग हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात. ते घरात ठेवता येत नाहीत, जखमी सापडले तरी नाही. महाराष्ट्रात असा साप दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, म्हणजे घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला साप आहे. परदेशी प्रजाती असली तरी भारतात त्याचीही सरकारकडे नोंदणी लागते.

माझा हायग्रोमीटर ६० वर अडकला होता

टँकबरोबर दुकानदाराने काट्याचा, चिकटवायचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, दिला होता. काटा कायम ६० च्या आसपास. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी निश्चिंत होते. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, “मीटर तपासून घेतलाय का?” मीटर तपासायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

तपासणी स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. त्यावर पाण्याचे थेंब टाका, मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत ठेवून खोलीच्या तापमानाला ८ ते १२ तास राहू द्या. ओलं मीठ बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. मीटरनं ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवायचे. माझ्या मीटरनं पिशवीत ६० दाखवलं. बाहेर ओट्यावर ठेवला तरी ६०. काटा हलतच नव्हता. दोन डिजिटल मीटर आणले, तारेच्या टोकाला सेन्सर असलेले, आणि टँकमधला खरा आकडा निघाला: २८ टक्के.

हिवाळ्यातच का, तेही त्यातून उलगडलं. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावतं. उणे १५ ची हवा घरात येऊन हीटिंगनं २२ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते. आपला स्वयंपाक, अंघोळी, श्वास यांच्या वाफेनं ती थोडी वर येते, तरी घर २०-२५ टक्क्यांवरच राहतं. आपले ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि त्याच हवेत आपण सापाकडून अखंड कातीची अपेक्षा करतो.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. एकाच टँकमध्ये दोन टोकांना दोन वेगळे आकडे येतात. थंड बाजूला २५ अंशांवर ६० टक्के आर्द्रता असेल, तर तेवढंच बाष्प असलेली हवा गरम बाजूला ३२ अंशांवर जेमतेम ४० टक्के भरते. मीटर फक्त थंड कोपऱ्यात लावला असेल तर आकडा छान दिसतो आणि साप मात्र दिवसभर कोरड्या टोकाला बसलेला असतो. म्हणून सेन्सर दोन हवेत, दोन्ही खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर. काचेवर वर चिकटवलेला मीटर वरची हवा मोजतो, सापाजवळची नाही.

तापमानही त्याच वेळी बघून घ्या. गरम जागा ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्री २४ च्या खाली नको. थंडीत सापाची प्रतिकारशक्ती मंदावते. कोरड्या हवेनं आधीच चिडलेल्या श्वसनमार्गात मग जंतूंना जागा मिळते. कात आणि घरघर ही माझ्याकडे दोन दुखणी नव्हती, एकाच्या मागून दुसरं येत होतं.

हीट मॅट (टँकखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) वापरत असाल तर ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, एक दिवसही चालवू नका. पोटाखाली चटका बसत असला तरी साप तिथून उठेलच असं नसतं, आणि पोटावर भाजलेली जखम भरायला महिने लागतात.

फवारणीनं मी अजून एक दुखणं लावून घेतलं

२८ चा आकडा पाहून मी घाबरले आणि स्प्रेची बाटली हाती घेतली. सकाळ, दुपार, रात्र फवारणी. मीटर ८० वर उडी मारायचा आणि दोन तासांत परत ३५. वरचा थर मात्र कायम ओला. तीन आठवड्यांत चिकूच्या पोटाखालचे खवले आधी गुलाबी, मग तपकिरी झाले, कडा उचलल्या गेल्या. ओल्या पृष्ठभागावर सतत बसल्यानं खवले सडू लागतात, ते हेच. हवा दमट हवी आणि अंग कोरडं राहायला हवं, हे समजायला मला त्या खवल्यांची किंमत द्यावी लागली. डॉक्टरांनी दिलेलं जंतुनाशक आणि कोरडा पेपर टॉवेल यांवर महिनाभर ठेवून ते भरलं.

खरा उपाय पाणी वाढवण्याआधी गळती बंद करण्याचा आहे. आमच्या काचेच्या टँकला वरून पूर्ण जाळीचं झाकण होतं आणि त्यावर उष्णतेचा दिवा. गरम हवा वर जाते आणि जाताना सगळी वाफ घेऊन जाते. मी जाळीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्यानं झाकला, दिव्याभोवतीची जागा उघडी ठेवली. नुसत्या एवढ्यानं दुसऱ्या दिवशी आर्द्रता २८ वरून ४४ झाली. ॲक्रिलिक दिव्याच्या जवळ आलं तर वितळतं, तेवढं अंतर सांभाळा. नवा टँक घेणार असाल तर पुढून उघडणारी पीव्हीसीची पेटी घ्या, थंड प्रदेशात काचेपेक्षा ती कितीतरी बरी.

मग तळाचा थर. आधी मी वर्तमानपत्र घालत असे, स्वच्छ दिसायचं म्हणून. कागद ओल धरत नाही. आता नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि त्याचा भुसा यांचा ८ ते १० सेंटिमीटर जाड थर असतो. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. परसात सोडणांचा ढीग पडलेला असायचा आणि पावसाळा संपून महिना झाला तरी तो आतून ओलाच लागायचा. तेच इथे उपयोगी पडतं. पाणी वरून फवारायचं नाही, चारही कोपऱ्यांत हळूहळू ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो, वरचा थर कोरडा, आणि वाफ सावकाश वर येत राहते. आमच्या टँकला दर ६-७ दिवसांनी अर्धा ते पाऊण लिटर लागतं. तुमच्याकडे किती लागेल ते मीटर सांगेल. मुठीत घेऊन दाबल्यावर पाणी टपकलं तर जास्त झालं. देवदार किंवा पाइनचा वासाचा भुसा मात्र कधीही नको. त्यातल्या तेलांनी श्वसनमार्ग चिडतो.

याखेरीज एक झाकणाचा डबा, बाजूला सापापुरतं भोक, आत ओलसर शेवाळ. रानात हे साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतात, जिथे बाहेरच्या उन्हाळ्यातही आत दमट असतं. हा डबा म्हणजे त्यांचं वारूळ. चिकू एरवी त्यात फिरकत नाही, पण कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की आपण होऊन जाऊन बसते. शेवाळ दर आठवड्याला बदला, नाहीतर बुरशी धरते.

एवढं केल्यावर आमची गरम बाजू ५२ ते ५५ आणि थंड बाजू ६५ ते ७० वर स्थिर आहे, बाहेर उणे २० असतानाही.

कात अडकलीच तर

आधी वेळापत्रक लक्षात घ्या. कातडी निस्तेज होते, पोट गुलाबी दिसतं, डोळे दुधाळ निळे होतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर साधारण ३ ते ५ दिवसांनी कात निघते. डोळे स्वच्छ झाल्यावर ‘झालं वाटतं, कात टाकणार नाही’ असं वाटून पुष्कळजण ओल कमी करतात. नेमके तेच दिवस महत्त्वाचे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे तेव्हा द्रव तयार झालेला असतो. हवा कोरडी असेल तर तो वाळतो आणि दोन थर एकमेकांना चिकटतात. या काळात सापाला हाताळू नका, खायला देण्याचीही घाई नको.

कात तुकड्यांत निघाली तर ओढू नका. कोमट पाण्यात, २८ ते ३० अंश, भिजवून पिळलेला जाड टॉवेल घ्या, साप त्यात सैल गुंडाळा आणि डब्यात २०-३० मिनिटं ठेवा. नंतर त्याला ओल्या टॉवेलमधून, तुमच्या हातांच्या मधून सरकू द्या. घर्षणानं सुटेल तेवढं सुटतं. न सुटलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा. टबमध्ये पोहायला सोडण्यापेक्षा ही रीत मला जास्त आवडते, कारण सापाला धडपड करावी लागत नाही. कामाची भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त.

शेपटीचं टोक रोज बघा. अडकलेलं कडं सुकून आवळतं, रक्त पुढे जात नाही आणि टोक काळं पडून गळतं. दोनदा टॉवेल करूनही कडं निघालं नाही तर डॉक्टरांकडे.

डोळ्यांना तर हातच लावू नका. सापाला पापण्या नसतात; डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि प्रत्येक कातीबरोबर त्याचा वरचा थर निघतो. चिमट्यानं किंवा चिकटपट्टीनं तो ओढणाऱ्यांनी खालचा जिवंत थरही ओढून काढलेला आहे. त्यात डोळा जातो. निघालेल्या कातीचा डोक्याकडचा भाग उजेडात धरा: दोन गोल, भिंगासारखे पापुद्रे दिसले तर काम झालं. एकच दिसला तर घाबरू नका, आर्द्रता नीट करा आणि पुढच्या कातीची वाट बघा. बहुतेक वेळा दोन्ही थर तेव्हा एकत्र निघतात. दोन काती होऊनही राहिला तर डॉक्टर. डोळ्यावर नुसता खळगा दिसत असेल तर अंगात पाणी कमी असल्याचीही ती खूण असते.

आकडे बरोबर असूनही त्रास होत असेल तर

मग माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, आहेत का बघा. सापाच्या हनुवटीखालच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांच्या फटीत खसखशीएवढे काळे ठिपके. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, पाण्यात काळे कण बुडालेले दिसतात. पांढऱ्या ओल्या कागदावरून साप सरकवला की ठिपके कागदावर येतात. हे किडे अंडी सापावर घालत नाहीत, टँकच्या सांध्यांत घालतात, म्हणून नुसता साप स्वच्छ करून ते दर दोन-तीन आठवड्यांनी परत येतात. सगळा थर फेकून, लाकडी वस्तू काढून, टँक गरम पाण्यानं धुवून पेपर टॉवेलवर ठेवावं लागतं. औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच. यासाठी वापरलं जाणारं पर्मेथ्रिन मांजरांना जीवघेणं असतं, घरात मांजर असेल तर ते आधी सांगा.

हिवाळ्यात न खाणं मात्र वेगळं. पूर्ण वाढलेले बॉल पायथन थंडीत महिनोन्‌महिने खात नाहीत आणि तरी ठीक असतात. तिथे वजनकाटा बघायचा. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर काळजीचं.

आणि घरघर औषधानं जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, असं असेल तर नुसत्या प्रतिजैविकावर भागवू नका. पहिली दोन वर्षं आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर होते. तपासणी न करता त्यांनी औषध दिलं, आणि मी काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी सरपटणाऱ्या प्राण्यांची तज्ज्ञ शोधली. सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संघटना आहे, तिच्या संकेतस्थळावर भागानुसार यादी मिळते. या डॉक्टरांनी श्वासनलिकेतून नमुना घेऊन जंतू वाढवून पाहिले. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निघाला, आणि आधीचं औषध त्याच्यावर चालतच नव्हतं. नवं इंजेक्शन दर ७२ तासांनी, शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं, म्हणून पुढे. घरी द्यायला त्यांनी शिकवलं. साप चौथ्या इंजेक्शनपासूनच बरा दिसायला लागतो आणि उरलेली टोचायचं जिवावर येतं. तरी पूर्ण करा.

विषाणूचीही चाचणी करून घ्या. निडोव्हायरस २०१४ मध्ये बॉल पायथनमध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, आणि त्यातून होणारी घरघर प्रतिजैविकानं तात्पुरती कमी होऊन परत येते. तोंडातल्या स्वॅबवर चाचणी होते. चिकूची नकारात्मक आली. सकारात्मक आली असती तर घरात दुसरा साप आणायचा नाही, एवढं तरी ठरलं असतं. नवा साप आणणार असाल तर किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा.

आई फोनवर अजून विचारते, “तिला दूध देतेस ना गं?” तिला मी दरवेळी समजावते, कारण हा प्रश्न आजाराशीच जोडलेला आहे. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीआधी पकडलेल्या नागांना तहानलेलं ठेवतात, म्हणून ते समोर येईल ते पितात, आणि ते फुफ्फुसात उतरलं की हाच न्यूमोनिया होतो जो मी चिकूच्या घशात ऐकलाय. आईनं गेल्या वर्षापासून पाटावर काढलेल्या नागाची पूजा सुरू केली आहे, आणि दारात आलेल्या गारुड्याला दूध न देता वनविभागाला फोन केला.

टँकच्या बाजूला एक वही टांगली आहे. दर रविवारी दोन्ही बाजूंची आर्द्रता, दोन्ही तापमानं, वजन, आणि कात कधी, कशी निघाली ते लिहायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हीटिंग सुरू होण्याच्या आधी, दोन्ही मीटर मिठाच्या पिशवीत जातात. या वर्षी एक ४ ने कमी दाखवतो आहे. त्याच्यावर चिकटपट्टी लावून ‘+४’ लिहून ठेवलं आहे.